थेंबातला करंट

माझं सगळं आयुष्य बिघडलेल्या वस्तूंच्या संगतीत गेलं. धुळ्यात माझं दुरुस्तीचं दुकान आहे. पूर्वी रेडिओ यायचे, मग टीव्ही यायचे. टीव्ही भिंतीवर चढले तसे तेही यायचे थांबले. आता मिक्सर, इन्व्हर्टर, देवळातला अँप्लिफायर असं काहीबाही येत राहतं. सगळे मला नाना म्हणतात. माझ्या पाठीमागे खडूस म्हणतात, तेही मला ठाऊक आहे. गिऱ्हाईक आत येऊन "नाना, काही नाही, नुसती एक वायर सुटलीय" म्हणालं की माझं डोकं फिरतं. तुला कळलंय ना, मग तूच जोड की! वस्तूला काय झालंय ते वस्तूलाच विचारावं, मालकाला विचारू नये, असा माझा शिरस्ता. टेस्टर लावायचा आणि गप्प बसून काटा बघायचा.

पण एक दिवस माझ्या लेकीच्या पोटातल्या बाळाची खुशालीही मला अशीच एका मशीनला विचारावी लागेल, हे काही कधी मनात आलं नव्हतं.

लेक रावेरकडे दिलेली. घरची केळीची शेती, माणसं चांगली. पहिल्या खेपेला तिला आठवा महिना लागला आणि पोटातली हालचाल थांबली. बाळ पोटातच गेलं. का गेलं ते तेव्हा कुणालाच सांगता आलं नाही. पुढे धुळ्यातल्या एका डॉक्टरबाईंनी सगळे जुने कागद बघून विचारलं, "गरोदरपणात साखर मोजली होती का?" नव्हती मोजली. लेक काटक, वय लहान, आमच्या घरात कुणाला मधुमेह नाही. मोजायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. "कारण तेच होतं असं मी म्हणणार नाही," बाई म्हणाल्या, "पण या वेळी आपण मोजू."

दुसऱ्या खेपेला म्हणून तिला लवकरच माहेरी आणलं. बाईंनी ग्लुकोजचं पाणी पाजून तपासणी केली आणि साखर वाढलेली निघाली. गरोदरपणात येणारी आणि बहुधा बाळंतपणानंतर जाणारी, पण तोवर सांभाळावी लागणारी. त्यांनी खाणं ठरवून दिलं, चालायला सांगितलं आणि घरी मोजण्यासाठी एक मशीन घ्यायला लावलं. सकाळी उपाशीपोटी आणि प्रत्येक जेवणानंतर दोन तासांनी बोटाला टोचायचं. आकडे आवाक्यात राहिले तर उत्तम, नाही राहिले तर इन्सुलिन. "आकडा वाढला तर वाट बघत बसू नका," एवढं त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं. बहुधा घरातला शहाणा माणूस मीच आहे असा त्यांचा समज झाला असावा.

मशीन हातात घेतलं आणि मला हसूच आलं. काडेपेटीपेक्षा थोडं मोठं, वजन म्हणाल तर नाहीच. आत एक चपटा सेल. माझ्या दुकानात याच्याहून दणकट रिमोट भंगारात पडलेत. मी बायकोला म्हटलंसुद्धा, "हे खेळणं आपल्या पोरीचं रक्त तपासणार होय?"

बायको माहेरची शिरपूरकडची. घरात ती अहिराणीच बोलते आणि माझ्याशी तर खास ठेवणीतली बोलते. ती म्हणाली, "तुम्हाले नही समजत ते बठ्ठं खेळणंच ऱ्हास." म्हणजे मला जे कळत नाही ते सगळं खेळणंच असतं.

मग लेकीने पहिल्यांदा टोचलं. मशीनच्या तोंडात एक बारीक पट्टी खोचली, बोटावर मोहरीएवढा थेंब आला, पट्टीचं टोक थेंबाला नुसतं टेकवलं आणि थेंब पट्टीने स्वतःच आत ओढून घेतला. दाबलं नाही, ओतलं नाही. पडद्यावर पाच, चार, तीन असं उलटं मोजून झालं आणि आकडा आला. माझं हसू तिथेच संपलं.

वापरलेली पट्टी मी फेकू दिली नाही. कागदात गुंडाळून दुकानात नेली आणि डोळ्याला भिंग लावून पाहिली. बायकोला कळल्यावर तिने मला दारातच आंघोळ करायला लावायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. पण काय सांगू, त्या नखाएवढ्या पट्टीवर केसासारख्या रेघा आखलेल्या होत्या, सर्किटच ते. मोबाइलवर शोधून शोधून मी त्याचं सगळं वाचलं. पट्टीच्या टोकाला एक पदार्थ वाळवून लावलेला असतो. रक्त लागलं की तो ओला होतो आणि रक्तातली साखर तेवढी हुडकून काढतो, बाकी कशाला हात लावत नाही. साखरेतून तो इलेक्ट्रॉन काढून घेतो, ते त्या रेघांवरून धावतात आणि मशीन त्यांचा करंट मोजतं. साखर जास्त तर करंट जास्त. मायक्रोअँपिअरचा हिशोब. माझ्या टेस्टरचा काटा त्याने थरथरलासुद्धा नसता.

मी भिंग काढलं. जन्मभर मी करंट मोजला, पण तो भिंतीतल्या बोर्डातून यायचा, नाहीतर सेलमधून. हा माझ्या लेकीच्या रक्तातून आला होता. तिने सकाळी खाल्लेल्या ज्वारीच्या भाकरीचा करंट. मला खरंच भरून आलं. समोरचा चहावाला कटिंग घेऊन आला तर मी त्यालाच सगळं समजावून सांगायला लागलो. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "नाना, तब्येत बरी शे ना?"

श्रावणापर्यंत सगळं छान चाललं. लेक चालायची, मोजायची, आकडे आवाक्यात. मग कानबाई आली.

कानबाई म्हणजे आमच्या खान्देशातल्या घराघरातली देवी. श्रावणातल्या एका रविवारी बसते आणि सोमवारी जाते. तिच्या नैवेद्याच्या पुरणपोळीला त्या दिवशी रोट म्हणायचं. हे रोट घरच्यांनीच खायचे, बाहेरच्याला कणही द्यायचा नाही. आणि आमच्या घराण्यात लग्न झालेली लेक बाहेरची धरतात. तिने रोटाला हात लावलेला चालतो, तोंड लावलेलं चालत नाही. मला हे कधीच पटलं नाही, पण देवीच्या बाबतीत घरात माझं मत कुणी विचारत नाही. आणखी एक म्हणजे रोटाचं खरकटं मोरीत जाऊ द्यायचं नाही. त्यासाठी अंगणात एक खड्डा करतात, जेवणं झाली की हात त्यात धुवायचे.

त्या रविवारी लेकीने भाकरी आणि भाजी खाल्ली आणि मग आईच्या मदतीला बसली. गूळ घातलेलं पुरण वाटून दिलं, गोळे करून दिले. दोन तास झाले तशी उठली, ओल्या फडक्याला हात पुसले, स्पिरिटचा बोळा बोटावरून फिरवला आणि टोचलं.

तीनशेच्या वर आकडा!

जेवणानंतर एकशेवीसच्या आत राहायला हवा होता. लेक भिंतीला टेकून खालीच बसली. बायकोने आकडा पाहिला, मग लेकीकडे पाहिलं, आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "रोट खादा का व तू?"

"नाही गं आई."

"खरं सांग. डोहाळे लागनात म्हनीसन खादा आशीन, ते सांगी दे. कानबाईना रोट शे, खेळ नही."

लेक रडायला लागली. "मी चवसुद्धा घेतली नाही. नाना, तुमची शपथ." मग एकदम पोटावर हात ठेवून म्हणाली, "मी न खाताच एवढी वाढली असेल, तर मग बाळाचं काय?"

खरा प्रश्न तोच होता. तिने चोरून खाल्लं असतं तर बरं होतं. मी तिला म्हटलं, थांब, आधी मशीन बघू. मी पट्टीची खाच पुसली, सेल काढून घातला, मग स्वतःच्या बोटाला टोचलं. मी नुकताच दुकानातून येऊन साबणाने हातपाय धुतले होते. आकडा अगदी सरळ आला, एकशेचारच्या आसपास. म्हणजे मशीन धड होतं. मग काय लेक खोटं बोलत होती? मला काहीच सुचेना, आणि सुचेनासं झालं की मी चिडतो. बायको म्हणाली, नैवेद्य झालाय, आधी दोन घास खाऊन घ्या, मग चिडा. तिने ताट समोर ठेवलं. मी रोट दुधात कुस्करला आणि दुसऱ्या घासाला माझा हात थांबला.

मी बोटांकडे पाहिलं. चिकट होती. मी बोटं फडक्याला पुसली, लेकीसारखाच स्पिरिटचा बोळा फिरवला आणि त्याच हाताला टोचलं. मशीनने आकडाच दिला नाही. नुसती 'हाय' अशी इंग्रजी अक्षरं उमटली, म्हणजे मोजण्याच्या पलीकडे.

"माय व!" बायको किंचाळली. "तुम्हाले बी व्हई गई!"

दोन घासांनी मिनिटभरात कुणाच्या रक्तात एवढी साखर चढत नाही, एवढं मला वाचून कळलं होतं. मला इतका आनंद झाला की मी ताटावरून तसाच उठलो आणि लेकीला हाताला धरून खड्ड्यापाशी नेलं. साबण लावून, नखांत घासून, दोनदोनदा तिचे हात धुतले. सोवळंओवळं काय झालं असेल ते कानबाई बघून घेईल, म्हटलं. कोरड्या पंच्याने पुसले आणि पुन्हा टोचलं. एकशेआठ.

बोटावर गूळ होता. डोळ्याला न दिसणारा, स्पिरिटने न निघालेला. थेंब त्यातून वर आला आणि येताना थोडा गोडवा उचलून घेऊन आला. मशीनने तोही मोजला. लेकीच्या चामडीवरचा एवढासा गूळ त्याने सोडला नाही, तर तिच्या रक्तातलं काय सोडेल? बायकोने लेकीचे डोळे पदराने पुसले आणि तिच्यासाठी पुन्हा एक गरम भाकरी टाकायला गेली. आमच्याकडे माफी अशीच मागतात.

त्या दिवसापासून हात धुण्याचं एवढं स्तोम माजलं की साबण पुरेना. पण त्याबरोबर एक वेगळीच खोड आम्हाला लागली. आकडा थोडा वर गेला की कुणीतरी म्हणायचं, बोटाला काही लागलं असेल. फळ चिरलं असशील, चहाचा कप धुतला असशील. पुन्हा टोच. आणि पुन्हा टोचलं की बहुतेक वेळा खाली यायचा.

नवरात्राच्या सुमाराला तिला आठवा महिना लागला. त्या महिन्याचं घरात कुणी नाव घेत नव्हतं. नेमका त्याच महिन्यात सकाळचा उपाशीपोटीचा आकडा चढायला लागला. आज थोडा, उद्या आणखी थोडा. पंचाण्णवच्या आत हवा होता, तो शंभर ओलांडून गेला. बायको म्हणाली, "हात धव." तिने धुतले. दुसऱ्या हाताला टोचलं. तेवढाच. बायको म्हणाली, "सेल बसना आशीन. मशीनले काय, कवयबी बिघडस." असं म्हणताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

लेकीने मशीन माझ्यापुढे धरलं. "नाना, तुम्ही एकदा तपासा ना. दुकानात नेऊन नीट बघा."

तिचा चेहरा बघून माझ्या लक्षात आलं. तिला त्यात दोष सापडायला हवा होता. जन्मभर मी लोकांच्या वस्तूंतले दोष काढले. आज माझ्या पोरीने तेवढंच मागितलं होतं.

मी दुकानात नेलं. मशीनबरोबर तपासणीचं पाणी मिळतं, त्यातली साखर आधीच ठरलेली असते आणि बाटलीवर छापलेली असते. त्याचा थेंब पट्टीला लावला. आकडा छापलेल्या हद्दीत बरोबर. सेलला टेस्टर लावला, भरलेला. पट्ट्यांची मुदत पाहिली, संपायला वेळ होता. नवी डबी फोडून पुन्हा थेंब लावला. पुन्हा बरोबर. समोर गिऱ्हाईक मिक्सर घेऊन उभं होतं, त्याला मी उद्या ये म्हणून हाकललं. एखादी वस्तू चांगली निघाली म्हणून मला वाईट वाटलं, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं. शटर ओढलं आणि घरी आलो.

"मशीन ठीक आहे," मी म्हटलं. "चला, कपडे बदल. बाईंकडे जायचंय."

"उद्या गेलो तर?" बायको म्हणाली.

"आज."

मी एवढ्या हळू आवाजात बोललेलं तिने बहुधा कधी ऐकलं नसावं. ती पिशवी भरायला गेली.

डॉक्टरबाईंनी मशीनमधले मागचे सगळे आकडे एकेक करून पुढे सरकवत पाहिले. म्हणाल्या, या महिन्यात पोटातली, बाळाला पोसणारी वारच अशी काही द्रव्यं सोडते की आईची साखर वाढते, लेकीची काही चूक नाही, तिने खाण्यात कुठे कसर केलेली नाही. रक्त पुन्हा तपासलं, सोनोग्राफी केली. बाळाचे ठोके चांगले होते, वजन थोडं जास्त होतं. "वेळेवर आलात," त्या म्हणाल्या. इन्सुलिन सुरू झालं. पोटाला सुई टोचून घ्यायला लेकीने पहिल्या दिवशी तोंड फिरवलं, दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच टोचून घेतली. आठवड्याभरात सकाळचे आकडे खाली उतरले आणि तिथेच राहिले. आठवा महिना सरला. आतून लाथा येत होत्या, आणि लेक दर लाथेला आईचा हात ओढून पोटावर ठेवायची.

बाईंनी दिवस भरण्याच्या थोडं आधीच सिझर करायचं ठरवलं. ऑपरेशनची खोली वरच्या मजल्यावर, आम्ही खाली. जावई रावेरहून आला होता आणि पायरीवर बसून नुसता मोबाइल उघडबंद करत होता. नर्सने खाली येऊन सांगितलं, मुलगी झाली, दोघी ठीक आहेत. मी जावयाच्या पाठीवर थाप मारली. पण बायको जागची हलली नाही. "रडनी का?" तिने नर्सला विचारलं. नर्स हो म्हणाली आणि निघून गेली. आम्ही काही ऐकलं नव्हतं. रावेरला पहिल्या खेपेलाही आम्ही असेच वाट बघत एका दाराबाहेर बसलो होतो आणि आतून आवाज आला नव्हता.

मग लेकीला आणि बाळाला खोलीत आणलं. बाळ गुबगुबीत, लालसर, आणि फार शांत. नुसतं झोपलेलं. नर्सने येऊन एक मशीन काढलं. आमच्या घरच्या मशीनचं भावंडच ते. म्हणाली, आईला साखर असली की बाळाची साखर जन्मल्यावर एकदम उतरू शकते. आत त्याला आईकडून भरपूर मिळत असते, बाहेर आल्यावर ती बंद होते. तिने बाळाची टाच अंगठ्याने हलकेच चोळली, पुसली, टोचलं. बाळाने पाय थोडा ओढून घेतला, बस्स. टाचेवर थेंब आला. पट्टीने तो ओढून घेतला. अडतीस.

नर्स म्हणाली, कमी आहे, लगेच दूध द्यायचं. तिने बाळाला लेकीच्या छातीशी लावलं, नंतर वाटीत काढलेलं दूध चमच्याने थेंबथेंब पाजलं. बाळ आळसावलेलं, ओठावर दूध तसंच राहायचं. नर्स गालाला टिचक्या मारून जागं करायची आणि पुन्हा पाजायची. लेकीला मान उचलता येत नव्हती, ती नुसती विचारत होती, "पितेय का? नाना, पितेय का ती?" मी म्हणत होतो, पितेय. माझे हात कशाला तरी धरून होते, पलंगाच्या दांड्याला असावेत.

बऱ्याच वेळाने नर्स पुन्हा आली. तीच टाच, दुसरी बाजू. टोचलं.

आणि बाळ रडलं. असं रडलं की खोली भरून गेली. हातपाय झाडत, तोंड वाकडं करून, कुणाची तमा न बाळगता. लेक हुंदके द्यायला लागली. जावई दारातून आत धावला. मशीनवर आकडा आला, सत्तावन्न, आणि नर्स म्हणाली, "छान, चढली." मी तो आकडा पाहिला आणि त्या एवढ्याशा टाचेतला एवढासा थेंब, त्यातला तो करंट, आणि हा आवाज, यांच्यापुढे मला हात जोडावेसे वाटले. मी जोडलेही.

नर्सने टाचेवर कापूस दाबून धरला. बाळाचं रडणं हळूहळू उतरायला लागलं. बायकोने नर्सचा हात धरला.

"आजून एकदाव टोच व माय," ती म्हणाली. "रडू दे तिले."